दोन बोटं कमी

“मास्तर, जाळी मोठी न्हाई. कडं बारीक हाय.”

नाथाजी लोहार शिडीवर होता आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. सकाळचे नऊ वाजले होते. चार वाजता फायनल. पोरं मैदानावर पाण्याचे डबे ओतून धूळ बसवत होती, शाळेतल्या खुर्च्या बाहेर निघत होत्या, आणि माझ्या डोक्यात दहा भानगडी एकदम चालल्या होत्या. तो काय म्हणाला ते मला पहिल्यांदा कळलंच नाही.

“अहो नाथाजी, दोरी आवळा थोडी आणि या खाली,” मी म्हणालो. “घोळ पडतोय तर पडू द्या. कोण बघतंय?”

“दोरीचं काम न्हाई ह्ये.”

फायनलसाठी म्हणून साताऱ्याहून दोन नव्या सुती जाळ्या आल्या होत्या. आजवर आमच्या कड्यांना दगडाबाईनं लोकरीच्या दोरानं विणलेल्या जाळ्या असत. दगडाबाई म्हणजे आमचा कॅप्टन धुळा याची आई, धनगरवस्तीवर राहायची. तिनं जाळी विणली ती कड्यावर बेतून, त्यामुळे ती बसायचीच. साताऱ्याची जाळी मात्र नियमाच्या मापाची, अठरा इंची कड्यासाठी केलेली होती, आणि आमच्या कड्यावर ती थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखी लोंबत होती. नाथाजीनं कनवटीची घडीची लाकडी पट्टी काढली, उलगडली, कड्यावर आडवी धरली. मग फिरवून पुन्हा धरली. 

“किती भरलं?” मी विचारलं.

“साडेसोळा.”

 मी इकडे तिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं, एवढंच काय ते नशीब.

ही १९४६ सालची, माघातली गोष्ट. मी अनंत, वाईचा, तेव्हा भैरवपेठेच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो. भैरवपेठ म्हणजे इस्लामपूर-कऱ्हाड रस्त्यावरचं गाव. गाड्या थांबायच्या, बैल पाणी प्यायचे, गाडीवाले चिलीम ओढायचे आणि पुढं जायचे. त्या गावाचं नाव कुणी घ्यावं असं काही तिथं घडलेलं नव्हतं. मी शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून एक कातडी चेंडू आणि नियमांचं एक पुस्तक घेऊन आलो, तेव्हा गाव मला हसलं होतं. बास्केटबॉलला ‘डालग्यात चेंडू टाकायचा खेळ’ म्हणत लोक. पण पोरं हुतुतूत तयार झालेली, दमाची, अंगानं लवचीक. काही महिन्यांत त्यांनी असा हात बसवला, की चव्वेचाळीस साली आम्ही साताऱ्याला जाऊन जिल्ह्याची ढाल आणली. जो जिंकेल त्याच्या गावी पुढच्या वर्षीचे सामने, असा नियम होता. पंचेचाळीसचे सामने आमच्याकडे झाले. तेही आम्ही मारले. आणि सलग तीन वर्षं जिंकेल त्या शाळेला ढाल कायमची मिळणार होती. आज ती तिसरी वेळ होती, आणि समोर पुन्हा साताराच होता. भैरवपेठेतल्या झाडून सगळ्या बैलगाड्या त्या दिवशी मैदानाभोवती सुटल्या होत्या, म्हणजे काय ते समजा.

त्या पहिल्या वर्षी साताऱ्याला धुळा कड्याकडं बघून म्हणाला होता, “मास्तर, ह्ये कडं हाय का इहीर? डोळं झाकून टाकतो की.” मी हसलो होतो. मला वाटलं, पोरगं जोरात आहे. आणि गेल्या वर्षी साताऱ्याची पोरं आमच्या मैदानावर चेंडू टाकून टाकून दमली, तेव्हा त्यांचा मास्तर कपाळ पुसत म्हणाला होता, “तुमच्या गावाचं वारंच वेगळं आहे बुवा.” तेव्हाही मी हसलो होतो.

आता मला हसू येत नव्हतं.

नाथाजी खाली उतरला. पन्नाशी उलटलेला, बारीक चणीचा माणूस. हात तेवढे अंगाला न शोभणारे, दांडगे. त्यानं पट्टी घडी करून परत कनवटीला लावली.

“असं कसं झालं?” मी कुजबुजलो. “मी तुम्हाला अठरा इंच म्हणून सांगितलं होतं. कागदावर लिहून दिलं होतं.”

“दिलं व्हतं की.” तो आपल्या हातांकडं बघत होता. “मास्तर, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव करताना आमी मापापरीस दोन बोटं कमी धरतो. तापली की फुगती, चाकावर चढती, वरनं पानी वतलं की आवळून बसती. मापात मापाची केली तर दोन दिसांत निसटून रस्त्यावर पडंल. तीस वर्सं ह्येच केलं. तुमी अठरा म्हनला, आन् हातानं दोन बोटं कमी धरली. मला इचारलंच न्हाई त्येनी.”

“पण इथं चाक कुठं आहे?”

“त्येच म्हन्तो मी. चाक न्हाई, काय न्हाई. नुस्तं वारं.” तो असं म्हणाला आणि त्याचा चेहरा इतका पडला, की मला रागावताही येईना.

आणि रागावणार कुणावर? मी फळीची लांबी मोजली होती, खांबाची उंची मोजली होती, मैदान दोरी लावून आखलं होतं. कडी तेवढी मोजली नव्हती, कारण ती नाथाजीनं केली होती. त्याच्या कामाला पट्टी लावणं म्हणजे त्याचा अपमान, असं सगळं गावच मानायचं. उंब्रजपासूनचे गाडीवाले धाव बसवायला त्याच्याकडं येत.

“हे बघा,” मी म्हणालो, “आज ओरडायचं नाही. जुन्या लोकरीच्या जाळ्या परत लावा. सामना होऊ दे. उद्या-परवा गुपचूप कडी बदलून टाकू. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“आन् आज?”

“आज काय? दोन्ही बाजूंची कडी सारखीच आहेत ना? त्यांनाही तीच, आपल्यालाही तीच.”

“आपल्या पोरांचा दोन सालं त्यावर हात बसलाय, मास्तर. त्येंचा एक दिस तरी बसलाय का?”

त्याचं खरं होतं. म्हणून मी चिडलो. “नाथाजी, हे बाहेर पडलं तर गेल्या वर्षीची ढाल रद्द होईल, कळतंय का? पोरांचं नाव जाईल. भैरवपेठेनं लबाडी केली असं जिल्हाभर होईल.” माझी नोकरीही जाईल, हे मी बोललो नाही. पण खरं सांगायचं तर, आधी डोक्यात तेच आलं होतं.

नाथाजीनं जुन्या जाळ्या परत बांधल्या, शिडी खांद्यावर घेतली आणि हो-नाही काही न बोलता निघून गेला. मला वाटलं, पटलं त्याला.

साडेबाराला शाळेचे अध्यक्ष विष्णुपंत वकील आले. त्यांनी खांबापाशी नारळ फोडला, कड्याला झेंडूची माळ घालायला लावली. खंडेनवमीला नांगर, कोयत्यांबरोबर या कड्यांचीही पूजा व्हायची आमच्याकडं. पंत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “अनंतराव, ढालीसाठी काचेचं कपाट सांगितलंय करायला. आता ती बाहेर जायची नाही.” मी हसल्यासारखं केलं. तेवढ्यात वाऱ्याबरोबर लोहार आळीकडनं आवाज आला. घणाचा. एक, दोन, आणि मग सारखा.

त्या दिवशी भैरवपेठेत कुणीही काम काढलेलं नव्हतं. सगळ्यांनी सुट्टी घेतली होती. तो घण कशावर पडतोय हे ओळखायला मला ज्योतिषी लागत नव्हता.

मी पंतांना काहीतरी थाप मारली आणि जवळजवळ पळतच गेलो.

नाथाजीच्या दाराशी त्याची स्वतःची गाडी एका चाकावर कलंडून उभी होती. दुसरं चाक भिंतीला टेकवलेलं, त्याच्यावर धाव नव्हती. ती धाव आत भट्टीत लाल झाली होती. लढाई संपली तरी लोखंड कुठं मिळत नव्हतं. त्यानं आपल्याच गाडीचं काढलं होतं. छिन्नीनं पट्टी उभी चिरून, ठोकून तिची सळई करत होता. बायको रंगूबाई भाता ओढत होती. तिचे डोळे धुरानं लाल होते की कशानं, ते मी विचारलं नाही.

“हे काय चाललंय?” मी ओरडलो.

“बसा, मास्तर. दोन्ही तीन वाजेतवर हुत्यात.”

“मी तुम्हाला नको म्हणालो होतो!”

“व्हय.”

“मग?”

घण थांबला. त्यानं सांडशीतली सळई परत निखाऱ्यात सारली आणि माझ्याकडं वळला. “मास्तर, तुमी शिकल्यालं. मी तुमास्नी काय सांगू? पर तीस वर्सांत ह्या ऐरणीवरनं खोटं माप भाईर गेलं न्हाई. एक गेलं, त्ये बी ठावं नसताना. तवर ठीक हाय. आता ठावं झालं. आता ते कडं तिथं टांगलं, तर ती चूक न्हाई, लबाडी हुती. आन् ती बी पोरांच्या टकुऱ्यावर.”

“आणि हरलो तर?”

“हारलो तर हारलो.”

“गाव जगू देईल तुम्हाला?”

“त्येच मी म्हन्ते मगापास्नं,” रंगूबाई भाता ओढता ओढता म्हणाली. “आवं, आयकत्यात का कुनाचं! ढाल गेली तर लोक दारात यून शिव्या देतील म्हटलं. तर म्हनं, वारं घाल.”

मी तिथल्याच एका चाकावर बसलो. बाहेर पोरांचा गलका ऐकू येत होता. दुपारचा एक वाजला असेल. मला दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. हा माणूस ऐकणार नाही, ही एक. आणि तो शिडी घेऊन मैदानावर गेला, की हजार माणसं विचारणार, कडं का बदलतोस? तेव्हा हा सरळ सांगून मोकळा होणार. मग गेल्या वर्षीची ढाल, पोरांचं नाव, माझी नोकरी, सगळंच जाणार.

“बदला,” मी म्हणालो. “पण का बदललं ते कुणाला सांगायचं नाही. जुन्या कड्याला तडा गेला, असं सांगायचं.”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी खाली बघितलं.

“तडा?” तो म्हणाला. “माज्या कामाला?”

“गेल्या वर्षी पोरांनी काय लबाडी केली होती का, नाथाजी? त्यांनी घाम गाळला. त्यांची ढाल तुमच्या हाताच्या चुकीपायी जावी असं वाटतं तुम्हाला?”

हे मी त्याच्या वर्मावर बोट ठेवून बोललो. मला माहीत होतं ते कुठं लागेल. भट्टीतली सळई पांढरी व्हायला आली तरी तो तसाच उभा होता. रंगूबाईनं भाता थांबवला.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “तडा गेला म्हनतो.” आणि त्यानं सळई उचलून असा घण घातला, की ठिणग्या माझ्या धोतरापर्यंत आल्या.

साडेतीनला नाथाजी शिडी घेऊन मैदानावर आला तेव्हा गर्दी एवढी होती, की त्याला वाट काढावी लागली. गाड्यांवर माणसं, कौलांवर माणसं, चिंचेवर माणसं. दोन नवी कडी त्याच्या खांद्याला अडकवलेली होती.

“अरे, अरे! हे काय करतोस?” विष्णुपंत खुर्चीवरून उठले. “अर्ध्या तासावर सामना आला आणि कडी उतरवतोस?”

“जुन्याला तडा गेलाय, पंत.”

“तडा? दोन वर्षांत?”

“व्हय.”

“मग ते एकच बदल. दोन्ही कशाला?”

नाथाजीनं शिडी खांबाला टेकवली. मी पुढं झालो. “दोन्हींना गेलाय, पंत. मीच बदला म्हटलं. सामन्यात तुटलं तर उगाच तंटा होईल.” पंतांना ते पटलं नाही, पण सांगलीहून आलेले पंच जवळच उभे होते, त्यामुळे त्यांना गप्प बसावं लागलं. मागं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “नाथाजीच्या लोखंडाला तडा? म्हातारा झाला गड्या आता!” लोक हसले. नाथाजी शिडीवर चढला. बोल्ट काढताना त्याचा हात एकदासुद्धा थांबला नाही. झेंडूच्या माळेसकट त्यानं जुनं कडं उतरवलं. नवं बसवून त्यावर साताऱ्याची जाळी लावली तेव्हा ती चापूनचोपून बसली.

सरावाला दोन चेंडू टाकून धुळा माझ्याकडं आला. “मास्तर, कडं मोठं वाटतंया.”

“नवं आहे म्हणून वाटतं.”

“व्हय का,” तो म्हणाला आणि कड्याकडं बघत राहिला. त्या पोराचे डोळे मेंढरं मोजणाऱ्या घरातले. मी लगेच दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली.

पंचांनी चेंडू तपासला, घड्याळ तपासलं, दोन्ही कॅप्टनांचे हात मिळवले. कडं मोजलं नाही. कुणीच मोजत नसे. तीच जुनी कडी टांगलेली असती तरी जगात कुणाला कळलं नसतं, हे मला त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं, की नाथाजीचा गळा धरावा असं वाटलं.

पहिल्या भागात आमच्या पोरांनी धमाल केली. धुळानं टाकावा आणि पडावा. चौदा विरुद्ध आठ. पंत खुर्चीवर बसतच नव्हते. मला वाटायला लागलं, देव आहे म्हणायचा. लबाडीही टळली आणि ढालही मिळतेय. मी नाथाजीला शोधलं. तो लांब, पाण्याच्या पिंपामागं उभा होता, एकटाच.

दुसऱ्या भागात साताऱ्याची पोरं हळूहळू सावरली. गेल्या वर्षी जे चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडत होते, ते आता आत जात होते. एक गेला, दोन गेले. त्यांचा मास्तर जागेवरून उडी मारायला लागला. चौदा-बारा. सोळा-चौदा. आमच्या एका पोराचा पाय मुरगळला. अठरा-अठरा. गर्दीचा आवाज बसला. इतकी माणसं आणि चेंडूचा धप धप आवाज स्वच्छ ऐकू येत होता. 

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आम्ही बावीस-एकवीस असे एकानं पुढं होतो. चेंडू त्यांच्याकडं होता. धुळानं आणि आणखी दोघांनी त्यांना असं कोंडलं होतं, की कड्याजवळ जायला फटच नव्हती. तेव्हा त्यांच्यातला एक चष्मेवाला, डावखुरा, बारकासा पोरगा लांबूनच थांबला आणि त्यानं चेंडू फेकला. फेकला म्हणजे काय, हातातून सोडून दिला. काही नेम धरला असं मला वाटलं नाही.

चेंडू कड्याच्या आतल्या कडेवर बसला. तिथून पलीकडच्या कडेला लागला. तिथून परत. आणि खाली पडला, जाळीतून.

शिट्टी झाली. तेवीस-बावीस.

जुन्या कड्यातून तो चेंडू बाहेर आला असता. दोन वर्षं मी असे शेकडो चेंडू बाहेर येताना पाहिले होते; मी डोळे मिटून सांगू शकलो असतो. हे त्या मैदानावर दोनच माणसांना माहीत होतं. मी पिंपाकडं बघितलं. नाथाजी माझ्याकडं बघत नव्हता. तो कड्याकडं बघत होता, गाडीला चाक घालून झाल्यावर बघायचा तसा.

धुळा मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसला होता. रडत नव्हता. हातानं मातीवर रेघा ओढत होता.

पंत गर्दीतून थेट पिंपाकडं गेले. त्यांच्यामागं निम्मं गाव. “नाथाजी! कुठल्या मुहूर्तावर हात घातलास रे कड्याला? चांगलं पुजलेलं, जिंकवणारं कडं! आजच तुला तडा दिसला?”

“तडा गेला व्हता, पंत.”

“तर मग काल का नाही पाहिलास? परवा का नाही? आणि तुझ्या कामाला तडा गेलाच कसा?”

 मी दोन पावलांवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला: ‘पंत, कडं चुकीचं होतं आणि हे मला सकाळपासून माहीत होतं.’ एवढंच.  आजही ती जागा मला झोपेत दिसते. पिंप, त्यावरचा पितळी तांब्या, आणि मी मूग गिळून उभा.

“लोखंड हिणकस लागलं असंल,” नाथाजी म्हणाला. “माजी चूक झाली.”

त्याच संध्याकाळी मी त्याच्याकडं गेलो. दारापाशी कुणीतरी शेण फेकलं होतं, ते रंगूबाई पाण्यानं धूत होती. तिनं माझ्याकडं वर बघितलं नाही. मी आत जाऊन म्हणालो, “मी उद्या पंतांना सगळं सांगतो.”

“काय सांगता? मागल्या साली बारीक कड्यावर जिंकलो म्हनून? मग पोरांकडं काय ऱ्हातंय? एक ढाल गेली, दुसरी बी घालवा.” तो पाय पसरून बसला होता, हात मांडीवर सुटे. “ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमीच म्हनला न्हवं, तडा गेला म्हना. म्हनलं. आता माघारी फिरवू नगा.”

मी मोठ्या मनानं त्याचं ऐकलं, असं मला सांगता आलं असतं. तसं नव्हतं. मला सुटल्यासारखं झालं, आणि मी ते तोंड घेऊन घरी आलो.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर पुढं एक संगमरवरी फरशी बसली. चव्वेचाळीस विजयी, पंचेचाळीस विजयी, सेहेचाळीस उपविजयी. त्यानंतर भैरवपेठेला फायनल कधी गाठता आली नाही. फरशीवर जे लिहिलेलं नाही ते गावात पोरासोरांना पाठ होतं: नाथाजीच्या कड्याला तडा गेला आणि कायमची ढाल हातची गेली. हेही एकवेळ चाललं असतं. पण गाडीवाले म्हणायला लागले, बसल्या जागी टांगलेल्या लोखंडाला ज्याच्या तडा जातो, त्याची धाव खडीच्या रस्त्यावर काय टिकणार? एकेक करून गाड्या उंब्रजला जायला लागल्या. नाथाजीकडं खुरपी धार लावून शेवटायला यायची, कुदळी दांडे बसवायला यायच्या. धाव महिन्या-दोन महिन्यांत एखादी. त्याची स्वतःची गाडी ते साल सरेपर्यंत एका चाकावर कलंडून होती. मग ती त्यानं विकली.

एकोणपन्नास साली मला सांगलीच्या एका शाळेत जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी मी नाथाजीचा निरोप घ्यायला गेलो. दुपार होती, भट्टी थंड होती. रंगूबाईनं तांब्याभर पाणी दिलं आणि आत गेली. माझं लक्ष घागरीकडं गेलं. कोपऱ्यात मातीवर ती गोल बुडाची तांब्याची घागर बसवली होती आणि तिच्याखाली, ती कलंडू नये म्हणून, ते जुनं कडं होतं. तीन वर्षांच्या ओलाव्यानं तांबूस झालेलं.

आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. धुळा आत आला. तीन वर्षांत तो चांगला थोराड झाला होता. मॅट्रिक होऊन शिकायचं सोडून वस्तीवरच राहिला होता, मेंढरांबरोबर बापाची थोडी जमीन बघत होता आणि लोकांचा गूळ गाडीनं कऱ्हाडला पोचवत होता. मला बघून तो लाजला, वाकून नमस्कार केला.

“पानी पितो, काका,” तो म्हणाला आणि घागर तिरपी करायला वाकला. आणि तसाच थांबला.

त्यानं घागर उचलून बाजूला ठेवली. कडं हातात घेतलं. अंगठा लावून ते सगळं फिरवलं, सावकाश, एका बोल्टाच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंत. कुठंही खाच नव्हती, फट नव्हती. मग त्यानं हाताची वीत कड्यावर आडवी टाकली. एक वीत, दुसरी वीत. दुसरी पुरी व्हायच्या आधीच कडं संपलं; अठरा इंची कडं दोन विती पुरं भरतं. तो ते बघत राहिला. मैदानावरच्या कड्याला लोंबकळत त्यानं पोरपणी किती वेळा वीत टाकली असेल कोण जाणे.

“ह्येला तडा कुटं हाय?” तो म्हणाला.

 मी तोंड उघडलं. तीन वर्षं राहिलेलं ते वाक्य ओठावर आलंच होतं.

“मास्तर, पानी प्या,” नाथाजी म्हणाला.

धुळानं माझ्याकडं बघितलं, मग नाथाजीकडं.  त्याला कळलं, हे मला कळलं. मेंढरं मोजणाऱ्या घरातलं पोरगं ते. त्यानं कडं होतं तिथं मातीवर ठेवलं, दोन्ही हातांनी दाबून बसवलं, वर घागर ठेवली. ती हलत नाही ना ते बघितलं. मग डोळ्यांवरनं बाही फिरवली आणि बाहेर गेला. मला वाटलं, गेला. पण तो आपल्या गाडीचं एक चाक उतरवून, ढकलत ढकलत आत घेऊन आला.

“काका, धाव बसवायची हाय. दोन्ही चाकांस्नी,” तो म्हणाला. “माप तुमीच घ्या.”

नाथाजी उठला.  त्यानं खुंटीवरची मापाची सुतळी काढली, चाकावर टेकवली आणि दुसरं टोक धरायला कुणी आहे का म्हणून इकडं तिकडं बघितलं.

मी पुढं होऊन ते टोक धरलं.